शेवटच्या फेरीत कोणी थांबत नाही

मी लालबाग सोडलं त्या दिवशी बाबांनी टॅक्सीवाल्यालासुद्धा ती गोष्ट सांगितली. बॅगा डिकीत मावत नव्हत्या म्हणून एक टपावर बांधली होती. आई मागच्या सीटवर पदराने डोळे पुसत होती, माझा नवा कोरा नवरा समीर पासपोर्टचं पाकीट पुन्हा पुन्हा चाचपत होता, आणि पुढे बसलेले बाबा त्या भय्याला समजावत होते की ही माझी मुलगी वैशाली, सायकलच्या शर्यतीत पुढे होती, बरोबरची मुलगी पडली आणि ही तिच्यासाठी थांबली. “रुक गई! समझा क्या? जीत रही थी और रुक गई!” भय्याने हॉर्न वाजवत विचारलं, “फिर नौकरी किसको मिला?” कारण ती शर्यत नोकरीसाठी होती हेही बाबांनी सांगून टाकलं होतं. बाबा म्हणाले, “वो बात नहीं है.” माझ्या मते तीच बात होती. पण विमानतळ जवळ आला होता आणि आईने माझा हात घट्ट धरला होता.

हे मी दोघांसाठी लिहितेय. जे लालबाग-परळला राहिले आणि ज्यांना वाटतं की अमेरिकेला गेलेल्यांचं भलंच झालं, त्यांच्यासाठी. आणि माझ्यासारखे जे गेले, ज्यांना हे मत खोडून काढायचाही आता कंटाळा आलाय, त्यांच्यासाठी. गोड लिहायला मला जमणार नाही. माझं जे काही झालं ते गोड बोलणाऱ्यांनीच केलं.

बाबा लोअर परळच्या एका गिरणीत होते. गिरणीचा सायकलिंगचा संघ होता आणि बाबा त्यात होते. गिरणी बंद पडली, संघ मोडला, बाबा घोडपदेवला एका गोदामात कामाला लागले, पण सायकल सुटली नाही. परळला सायकलचं दुकान असलेले एक कॅथलिक गृहस्थ होते, त्यांना सगळे अंकल म्हणत. त्यांचा भाऊ बोटीवर होता, तो युरोपातून सायकलिंगची मासिकं आणायचा. अंकल ती वाचायचे आणि दुकानाच्या पायरीवर बसून बाबांना सांगायचे. बाबा घरी येऊन आम्हाला सांगायचे. तिकडे आल्प्सच्या डोंगरात म्हणे दिवसेंदिवस शर्यत चालते, आणि पिवळ्या जर्सीवाला, म्हणजे एकूणात पहिला असलेला, पडला तर बाकीचे वेग कमी करतात. तो लघवीला थांबला तरी कुणी त्याचा फायदा घेत नाही. प्रतिस्पर्ध्याचं पाणी संपलं तर आपली बाटली देतात. ज्याला मोठी शर्यत मिळणारच आहे, तो त्या दिवशीचा पहिला नंबर बरोबरच्याला सोडून देतो. हे सगळं कुठल्याही नियमात लिहिलेलं नाही, आणि तरी सगळे पाळतात. बाबांचे डोळे चमकायचे. इतर घरांत मुलांना देवाधर्माच्या गोष्टी सांगतात, आमच्या दोन खोल्यांत ह्या सांगितल्या जायच्या. बाबांनी लालबागच्या चारपाच पोरांना आणि मला तयार केलं, आणि आमच्या ग्रुपमध्ये तो कायदाच झाला. कोणी पडलं की पुढचा थांबणार. बाबांचं ठरलेलं वाक्य होतं, “पडलेल्याला मागे टाकून जिंकलात तर घरी सांगू नका.”

मी चांगली चालवायची. बढाई नाही, तेवढंच एक मला येत होतं. सरकारी खात्यात खेळाडूंच्या कोट्यातून मुलींची एक जागा निघाली. निवडीची शर्यत वडाळ्याहून शिवडीकडे जाणाऱ्या बंदराच्या रस्त्यावर होती, रविवारी सकाळी, ट्रक कमी असतात तेव्हा. शेवटच्या फेरीत आम्ही दोघीच पुढे उरलो, मी आणि गिरगावची शेरिल. वळणावर तिची साखळी सुटली आणि ती धाडकन पडली. मी मागे पाहिलं आणि ब्रेक दाबले. विचार केला असं म्हणायला मला आवडेल, पण विचार वगैरे काही नव्हता, हात आपोआप गेले. शेरिल उठली, साखळी चढवली, मला येऊन मिळाली, आणि शेवटच्या टप्प्यात माझ्या मागे लपून वारा चुकवत राहिली नि रेषेच्या जरा आधी बाहेर पडून जिंकली. यात तिचं काही चुकलं नाही. हात पुसत ती मला एवढंच म्हणाली, “तू थांबशील असं वाटलं नव्हतं गं. मी नसते थांबले.” तिला नोकरी मिळाली. आज ती त्या खात्यात मोठ्या हुद्द्यावर आहे.

त्या संध्याकाळी आई भाकऱ्या थापताना माझ्याबद्दल स्वतःशीच मालवणीत म्हणाली, “चेडवाक नोकरी गावली असती तर बरा झाला असता.” बाबा तिच्यावर खेकसले, “गप. तिने जे केलं ते कुणाच्या बापाला जमणार नाय.” त्यानंतर त्या घरात नोकरीचा विषय कुणी काढला नाही.

मग सत्कार झाला. गणपतीत, मंडळाच्या स्टेजवर, खिलाडूवृत्तीबद्दल. शाल, श्रीफळ आणि प्रेशर कुकर. जिला सायकलवर नोकरी मिळाली असती तिला मंडळाने कुकर दिला, आणि टाळ्या वाजवणाऱ्या एकाही माणसाला त्यात काही चुकीचं वाटलं नाही. बाबांनी माइक हातात घेतला तो सोडेनात. त्यांचा आवाज भरून आला होता. तो फोटो अजून हॉलमध्ये आहे, चाळ पाडून टॉवर झाला तरी नव्या भिंतीवर पहिला खिळा त्याच्यासाठी ठोकला गेला. त्या गर्दीत समीरचे मामा बसले होते. त्यांना वाटलं, दुसऱ्यासाठी थांबणारी मुलगी, सून म्हणून उत्तम. पुढच्या गणपतीआधी माझं लग्न झालेलं होतं. समीर वाईट माणूस नाही, हे मी इथेच सांगून टाकते, म्हणजे पुन्हा सांगावं लागणार नाही.

ओहायोत पोचले तेव्हा माझ्या व्हिसावर ‘डिपेंडंट’ असं लिहिलं होतं. नोकरी करायला परवानगी नाही. दिवसभर कार्पेटवर बसायचं, बाहेर बर्फ, बर्फापलीकडे पार्किंग लॉट. रस्ते रुंद आणि सपाट, सायकलसाठी देवाने केलेले, आणि माझ्याकडे सायकल नाही. घेऊ या की, समीर म्हणायचा. मीच टाळायची. आई गेली ती त्याच व्हिसाच्या काळात, आणि कागदपत्रं अडकली होती म्हणून मी पोचू शकले नाही. तेव्हाही बाबा फोनवर म्हणाले, “समजून घे गं. तू समजूतदार आहेस.” समजूतदारपणाचा तर माझ्यावर शिक्काच बसला होता.

मुलगा निहार जरा मोठा झाल्यावर शाळेत सॉकर खेळायला लागला आणि मला अमेरिकन खेळ जवळून दिसला. शनिवारी सकाळी घडीच्या खुर्च्या, मोठाल्या कप्समध्ये कॉफी, आणि एरवी सॉरी आणि थँक यूशिवाय न बोलणारी माणसं मैदानाच्या कडेला उभी राहून लहान पोरांवर ओरडताहेत. बरोबरी त्यांना सहन होत नाही. आपण कसे खेळलो यापेक्षा किती फरकाने जिंकलो हे महत्त्वाचं. एकदा निहारच्या समोरचा मुलगा घसरून पडला. निहार चेंडू सोडून त्याला हात द्यायला गेला. रक्तच ते. कोचने त्याला बाहेर बसवलं आणि मला हसत, अगदी प्रेमाने समजावलं, की शिट्टी वाजेपर्यंत खेळायचं असतं. आणि खरंच, शिट्टी वाजली की तीच मुलं एका गुडघ्यावर बसतात, जखमी मुलगा उठेपर्यंत सगळं मैदान गप्प असतं, मग तो उठला की टाळ्या. शिट्टीनंतर सगळे संत. शिट्टीआधी चिरडून टाकायचं. मला आधी किळस आली. मग हळूहळू हेवा वाटायला लागला. निदान यांना कधी थांबायचं ते शिट्टी सांगते. आम्हाला बाबांचे डोळे सांगायचे.

शेवटी सायकल घेतली. शनिवारी जाणाऱ्या बायकांच्या ग्रुपमध्ये सामील झाले. लिंडा नावाची एक निवृत्त नर्स माझ्या बरोबरीने चालवायची. एकदा पाणी प्यायला थांबलो असताना मी तिला ती गोष्ट सांगितली, बाबा सांगतात तशीच, ठरलेल्या जागी थांबत, ठरलेल्या जागी आवाज उंचावत. तिने नीट ऐकून घेतलं आणि म्हणाली, “म्हणजे तू हरलीस.” झालं. मग बाटलीचं झाकण लावून निघाली. मी तिच्या मागे जाताना रडत होते आणि मला इतकं हलकं वाटत होतं की सांगता येत नाही. इतक्या वर्षांत, इतक्या टाळ्यांत, हे दोन शब्द मला कुणी दिले नव्हते.

आणि मग त्याहून वाईट कळलं. इकडे टीव्हीवर फ्रान्समधली ती तीन आठवड्यांची शर्यत रोज सकाळी संपूर्ण दाखवतात. मी पहिल्यांदाच ती अंकलच्या तोंडून नाही, डोळ्यांनी पाहिली. हो, थांबतात. पिवळी जर्सी पडली, सगळ्यांनी पाय सैल सोडले, बाबा म्हणायचे अगदी तसंच. माझा ऊर भरून आला. दोन दिवसांनी पुन्हा कुणी नावाजलेला पडला, शेवटच्या चढाला, आणि एकानेही मान वळवली नाही. उलट पुढच्याने वेग वाढवला. समालोचक शांतपणे सांगत होता की आता शर्यत पेटलेली आहे, आता कोणी कोणासाठी थांबत नसतं, हे सगळ्यांना माहीत असतं. सगळ्यांना! फक्त लालबागला माहीत नव्हतं. निवांत रस्त्यावर, जेव्हा थांबून कुणाचं काही जात नाही, तेव्हा थांबायची ती रीत होती. अंकलच्या मासिकांत तिचेच सुंदर फोटो यायचे. बाबांनी अर्धी रीत ऐकली आणि ती पूर्ण समजून आम्हाला पाजली. माझी नोकरी, माझं लग्न, माझा देश, सगळं अर्धवट ऐकलेल्या गोष्टीवर गेलं होतं.

मी बाबांना फोन केला. सगळं सांगितलं. शेवटच्या फेरीत कोणी थांबत नाही बाबा, तिकडेसुद्धा नाही. बाबा म्हणाले, “निहार कसा आहे?”

त्या दिवसापासून मला बाबांच्या तोंडून एकच वाक्य ऐकायचं होतं. वैशू, तुझं नुकसान झालं. बस्स, एवढंच. माफी नको, रडणं नको. दरवेळी मुंबईला जाताना मी मनात धरून जायचे की या खेपेला ते म्हणतील, आणि दरवेळी ते मला घेऊन बिल्डिंगमधल्या कुणा नव्या भाडेकरूसमोर उभं करायचे आणि गोष्ट सांगायचे. मी दात दाखवायचे.

गेल्या हिवाळ्यात गेले ती तन्वीच्या शर्यतीसाठी. तन्वी ही माझ्या धाकट्या भावाची, मंगेशची मुलगी. तिलाही बाबांनीच तयार केलं. तिची निवडीची शर्यत होती, तसाच कोटा, तशीच मुलींची एक जागा, रस्ता फक्त अँटॉप हिलच्या बाजूचा. मंगेशला कामावरून सुट्टी मिळाली नव्हती. बाबांचे गुडघे गेलेत, तरी ते दुभाजकावर चढून उभे होते आणि मी त्यांचा दंड धरला होता.

शेवटच्या फेरीला तन्वी आणि सांगलीची एक मुलगी अशा दोघीच पुढे होत्या. आमच्या समोरच्याच वळणावर रेती सांडलेली होती. सांगलीच्या मुलीचं मागचं चाक सरकलं आणि ती सायकलसकट फरफटत गेली. तन्वीने मागे पाहिलं. तिची बोटं ब्रेकवर गेलेली मला स्पष्ट दिसली.

तेवढ्यात माझ्या कानाशी बाबा ओरडले. “मागे काय बघतेस! मार! मार गं, मार!”

तन्वी उभी राहिली पेडलवर आणि गेली.

मी बाबांचा दंड सोडला. काय करावं ते सुचेना म्हणून रस्ता ओलांडून त्या पडलेल्या मुलीजवळ गेले. कोपर सोलून निघालं होतं, गालाला रेती चिकटली होती. तिने मला पहिलं विचारलं, “काकू, ती थांबली का?” म्हणजे सांगलीतही कुणी बाबा असणार. मी म्हटलं, “नाही गं बाळा.” तिचा चेहरा पडला, आणि मला आत कुठेतरी आनंद झाला. बरं झालं, असं वाटलं. ही मुलगी घरी जाऊन रडेल, पण हिला कुणी कुकर देणार नाही.

तन्वी जिंकली. परत येताना टॅक्सीत ती पुढे बसून मंगेशला फोनवर किंचाळत सांगत होती. मागे आम्ही दोघं. मी हळूच म्हटलं, “बाबा, तुम्ही तिला मार म्हणालात.”

“शेवटची फेरी होती. तूच सांगितलेलंस ना फोनवर, शेवटच्या फेरीत कोणी थांबत नाय.”

“मी थांबले ती पण शेवटचीच फेरी होती.”

बाबा माझ्याकडे वळले आणि खरोखर नवल वाटल्यासारखे म्हणाले, “तुझं काय वाईट झालं गं? अमेरिकेला गेलीस की.”

घरी पेढे आले, मजल्यावरचे सगळे आले. बाबांनी एका दमात दोन्ही गोष्टी सांगितल्या. आमची वैशू कशी थांबली, आणि आमची तन्वी कशी थांबली नाही. दोन्हींना तोच भरून आलेला आवाज. ऐकणाऱ्यांनी दोन्हींना माना डोलावल्या. कुणालाही काही खटकलं नाही, पेढे छान होते.

मी आतल्या खोलीत जाऊन बॅग भरायला घेतली. तन्वी मागोमाग आली, दार लोटून माझ्याजवळ बसली. म्हणाली, “आत्या, तुला राग आलाय ना? मी थांबले नाही म्हणून.”

“नाही गं. चांगलं केलंस.”

“मी थांबणार होते. हात गेलाच होता. पण आबा ओरडले आणि मला त्यांचं रोजचं आठवलं.”

“रोजचं काय?”

ती जरा घुटमळली. “तुला सांगू नको म्हणालेत. सकाळी प्रॅक्टिसला खाली सोडायला यायचे ना, तेव्हा लिफ्टमध्ये रोज बोलायचे. आत्यासारखं करू नकोस. मी तिला नको ते शिकवलं, माझ्यामुळे माझ्या पोरीचं वाटोळं झालं. एकदा तर रडले पण. मी म्हटलं, आबा, मग आत्याला सांगा ना असं. तर म्हणाले, तिच्यासमोर नाय बोलवत.” मग माझ्याकडे बघून घाबरली. “आत्या, तू त्यांना बोलणार नाहीस ना?”

त्यांना बोलले नाही. बाहेर बाबा कुणालातरी पेढा घ्यायचा आग्रह करत होते, त्यांचा आवाज येत होता. मला जे वाक्य हवं होतं ते ह्या घरात रोज सकाळी म्हटलं जात होतं, लिफ्टमध्ये, कोवळ्या पोरीसमोर, धडा म्हणून. मी तिकडे हजारो मैलांवर त्याची वाट बघत होते, आणि त्यांनी ते तिला वाढून टाकलं. माझ्या वाट्याला भिंतीवरचा फोटो. तो उतरवायला नको म्हणून मी हसत राहायचं, आणि मी हसते म्हणून त्यांनी तो उतरवायचा नाही, अशी आमची दोघांची छान सोय झालेली आहे.

आता इथे ओहायोत बसून लिहितेय. इथले लोक बरे, असं मला पुष्कळ दिवस वाटायचं, कारण ते तोंडावर म्हणतात हरलीस. पण लिंडा ते म्हणाली आणि बाटलीचं झाकण लावून पुढे गेली, तिला त्याचं काही वाटलं नव्हतं, वाटायचं कारणही नव्हतं. माझ्या हरण्याचं ज्याला खरंच दुःख झालं असा एकच माणूस जगात आहे आणि तो लालबागला राहतो. म्हणून कुणी विचारलं की तुझं घर कुठलं, तर मी अजूनही लालबागच सांगते. ते दुःख त्यांनी तन्वीला दाखवलं, माझ्यापासून मात्र लपवलं. यासाठी मी बाबांना कधी माफ करणार नाही. फोन मात्र दर रविवारी करते.